पुठ्ठ्याखालचं चित्र

बाइंडरनं पवित्र शास्त्र अथपासून इतिपर्यंत वाचलं होतं, पण सरळ कधीच नाही. छापील पानांचे फर्मे शिवताना जे पान समोर येईल ते वाचायचं. त्यामुळे त्याच्याकडे येशू आधी वधस्तंभावर गेला आणि मग गोठ्यात जन्मला. “देवाला तरी कळतं का तुमचं हे वाचन?” बायको हसून विचारायची.

ती चित्रं काढायची, त्याच्याच उरल्यासुरल्या कागदांवर, तीन रंगांत. एकदा तिनं प्रार्थना करणारी बाई काढली, चेहरा हुबेहूब तिचाच. बाइंडर बघतच राहिला. चर्चच्या व्यासपीठावरचं मोठं शास्त्र तेव्हा बांधणीला आलं होतं. त्यानं गुपचूप ते चित्र पुठ्ठ्याच्या आतल्या अंगाला डकवलं आणि वरून अस्तराचा कागद चिकटवला. दर रविवारी तिच्या डोक्यावर वचन वाचलं जाईल, वाढदिवसाला तिला सांगू, असा त्याचा बेत.

चित्रासाठी तिनं घर पालथं घातलं. “रद्दीत टाकलंत ना?”

“मला काय माहीत,” तो म्हणाला. पोटात हसू मावत नव्हतं त्याच्या.

तिनं कुंचला पुन्हा हातात घेतला नाही. वाढदिवसाला चार दिवस असताना तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

पुढं एकोणीस वर्षं तो पहिल्या बाकावर बसला. उपदेश त्याच्या डोक्यावरून जायचा. पाळक पुठ्ठा उघडत तेवढं तो बघायचा, आणि तीच त्याची प्रार्थना.

मग चर्चनं नवं शास्त्र घेतलं. जुनं पाळक स्वतः घेऊन आले. “तुमच्या हातचं आहे, तुम्हीच ठेवा. एक पान हललं नाही हो इतक्या वर्षांत.”

त्यानं दार लावून घेतलं. अस्तरावर ओलं फडकं ठेवलं, तासभर वाट पाहिली, बोथट सुरी घातली. पण खळ त्यानं स्वतः शिजवलेली. पुस्तक फाटेल पण याची खळ सुटणार नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची ती. अस्तराबरोबर रंग निघाला. केस गेले, कपाळ गेलं. देवाचं नाव घेत त्यानं दुसऱ्या कोपऱ्यातून सुरी घातली, तर उरलेला चेहराही लगदा होऊन बोटांना चिकटला.

राहिले फक्त जोडलेले हात.

“टाकलं नव्हतं गं,” तो त्या हातांना म्हणाला. एवढंच तर सांगायचं होतं, आणि तिनं विचारलं तेव्हा ती समोरच उभी होती.