छतावरची तिन्हीसांज

लास व्हेगास मला मुळीच आवडलं नाही. कुठल्याही हॉटेलच्या दारातून आत शिरलं की जुगाराच्या यंत्रांची किणकिण, सिगारेटचा शिळा वास, एसीचा गारठा आणि भिंतीवर एकही घड्याळ नाही. माणसाला वेळेचं भान राहू नये म्हणून केलेली ही सोय म्हणे. बाहेर रणरणतं ऊन होतं, आणि आत, आकाशासारख्या रंगवलेल्या छतावर, दिव्यांच्या करामतीने थोड्या थोड्या वेळाने संध्याकाळ होत होती.

त्या खोट्या आकाशाची निळाई जांभळी झाली, खांबांवरचे दिवे लागले आणि माझ्या बायकोने हात जोडले. घरी संध्याकाळी साधी ट्यूबलाइट लावली तरी ती जोडते. पुटपुटत काही नाही, नुसते क्षणभर जोडते.

"वहिनी, हा नमस्कार कुठल्या देवाला? जॅकपॉटला?" आमच्या सहलीतले एक गृहस्थ म्हणाले. सगळे हसले. खरं सांगायचं तर सगळ्यांत मोठ्याने मी हसलो, वर म्हणालो, "अगं, छत आहे ते! लोक बघतायत."

"दिवे लागले ना, म्हणून," ती म्हणाली आणि तिने हात स्वेटरच्या खिशात घातले.

त्या शहराला मी भेटेल त्याच्यापाशी नावं ठेवतो. सगळा खोटेपणा, म्हणतो. पण तिला हसायला काही त्या शहराने मला सांगितलं नव्हतं.

परवा संध्याकाळी घरी मी वाचत बसलो होतो. तिने दिवा लावला. हात वर आले, मी खोलीत आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने त्याच हातांनी पदर सारखा केला.