आठ अंगरखे

सुनेत्राताईंच्या तळघरात दर गुरुवारी संध्याकाळी सहाला चौदावं शतक सुरू व्हायचं आणि साडेआठला संपायचं, कारण दुसऱ्या दिवशी निम्म्या मंडळींना कारखान्यात पहिल्या पाळीला जायचं असायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा मला हसू आवरेना. पन्नाशीला टेकलेले, पोट सुटलेले जर्मन पुरुष बाकांवर बसून चिलखताच्या कड्या वाळूने घासत होते, कोणी चामड्याच्या बुटांना चरबी चोळत होता, आणि एकाचाही चेहरा गमतीचा नव्हता. आपल्याकडे हौशी नाटकवालेसुद्धा तालमीत एवढे गंभीर नसतात. पण माझं हसणं फार टिकलं नाही. र्युसेल्सहाइमच्या आसपास मला बोलावणारं दुसरं घर नव्हतं, आणि ज्याच्याकडे चहा प्यायचा त्यालाच हसायचं म्हणजे फारच झालं.

माझा नवरा सुमित तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. सुनेत्राताईंचे यजमान डीटर त्याच कारखान्यात साचे बनवायचे. मेन नदीकाठच्या त्यांच्या गावात १३७० साली वेशीवर पहारेकरी असत. ते काय खात, काय घालत, कसे राहत हे लोकांना दाखवणारं मंडळ डीटरनी काढलं होतं, आणि सुमितही त्यात पहारेकरी झाला होता. लोकांना वाटतं ही उन्हाळ्यातली मजा, किल्ल्यावर तंबू ठोकायचे आणि तलवारी फिरवायच्या. उन्हाळा जेमतेम पाच शनिवार-रविवारांचा. खरं मंडळ चालतं हिवाळ्यात. तंबूंना ठिगळं, गंजाशी भांडण, किल्ल्यांना पत्रं, विम्याचे कागद, आणि शिवण, शिवण, शिवण. डीटरचा नियम होता की दिसणारा प्रत्येक टाका हाताचा हवा आणि जुन्या चित्रात किंवा कागदात पुरावा नसेल ती वस्तू तळघराबाहेर जाणार नाही. एका सभासदाच्या चष्म्याची काडी त्यांनी दोन वर्षं मंजूर केली नव्हती.

ताई मूळच्या वाईच्या. पंचाहत्तर साली नर्सिंग शिकायला आल्या आणि डीटरशी लग्न करून राहिल्या. मूलबाळ नाही. माझ्याशी बोलताना नवऱ्याला ‘आमचे हे’ म्हणायच्या, आणि मान वळवून त्याच दमात जर्मनमध्ये ‘डीटर, पाय पुसून ये’ असं सुनवायच्या. मंडळाचं त्यांना काडीचं प्रेम नव्हतं. त्या सूप करायच्या, सुया ओवून द्यायच्या, आणि साडेआठला सगळे गेले की तळघर झाडायच्या. तीस वर्षांच्या संसारात एवढं माणूस करतंच.

२००५च्या सप्टेंबरमध्ये डीटर गेले. तीन आठवड्यांचं दुखणं. ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी सभा झाली. अध्यक्ष आता योर्ग होणार हे ठरल्यासारखंच होतं. योर्ग शाळेत इतिहास शिकवायचा, डीटरच्या हाताखाली बारा वर्षं तयार झाला होता, माणूस सरळ. तो उभा राहायच्या आत ताई उठल्या आणि म्हणाल्या की हा हिवाळा मी चालवते, मार्चच्या सभेत काय ते ठरवा. नवरा जाऊन महिनासुद्धा न झालेल्या बाईला नाही कोण म्हणणार? ताई अध्यक्ष झाल्या.

पायऱ्या चढताना मी त्यांना विचारलं की हा उपद्व्याप कशासाठी. त्यांनी काही लपवलं नाही.

“गुरुवार गेला ना मुक्ता, तर या घरात माझ्याशी बोलायला कोणी येणार नाही. शुक्रवार ते बुधवार मी रेडिओ लावून काढते. सातवा दिवसही तसाच गेला तर मी काय करायचं?”

नोव्हेंबरात एक पत्र आलं. ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या एका किल्ल्यावरच्या संग्रहालयाकडे डीटर चार वर्षं अर्ज करत होते. आता होकार आला होता, आणि तोही डीटरच्याच नावाने. मे महिन्यात दहा दिवस मुक्काम, पुढची तीन वर्षं पुन्हा बोलावणं. अट एकच, फेब्रुवारीअखेर त्यांची बाई येऊन कपडे आणि सामान तपासणार. ताईंनी पत्र दोनदा वाचून दाखवलं. तिकडे टाउनुसच्या डोंगरातलं एक मोठं मंडळ आम्हाला आपल्यात ओढायला टपलेलंच होतं. योर्गने स्पष्ट सांगितलं की किल्ला मिळाला तर टाउनुसचा विषय संपला, मंडळ इथेच राहील, या तळघरात. नाही मिळाला तर अकरा माणसांचं मंडळ एकट्याने किती दिवस ओढायचं? म्हणजे ताईंचे गुरुवार त्या तपासणीवर टांगलेले होते, आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

अडचण अंगरख्यांची होती. लोखंडी चिलखत अंगाला टोचू नये म्हणून खाली जाडजूड, थरांवर थर देऊन शिवलेला अंगरखा घालतात. आमच्या आठही अंगरख्यांत उशीत भरतात तो नकली कापूस होता. डीटरना ते आयुष्यभर खुपलं होतं. आता नवे आठ हवे होते, तीन महिन्यांत, जुन्या तागाच्या कापडाचे थर घालून.

ताईंनी पहिला अंगरखा टेबलावर पसरला आणि मला म्हणाल्या, “अगं, ही तर गोधडीच. बाह्या असलेली.” आणि खरंच, त्यांनी मेण लावलेला दोरा घेऊन कडेपासून धावदोरा घालायला सुरुवात केली, बोटभर अंतरावर एकेक ओळ, तेव्हा सगळं तळघर बघत राहिलं. योर्ग आपली पुराव्यांची जाड फाइल घेऊन आला, एक चित्र काढलं आणि टाक्यांशेजारी धरलं. ‘गेनाऊ, गेनाऊ’ एवढंच म्हणत राहिला. अगदी असंच. वाईच्या माजघरातला टाका मेनकाठच्या पहारेकऱ्यांना लागू पडला होता. तीस वर्षांत त्या तळघरात ताईंना पहिल्यांदा कोणीतरी सूप सोडून दुसऱ्या कशाबद्दल शाबासकी देत होतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानही वाटला.

तो हिवाळा संपता संपत नव्हता. चार वाजता अंधार, रस्त्याच्या कडेला काळं पडलेलं बर्फ. मी मंगळवारीही ताईंकडे जायला लागले. आमची बोटं सुजली. जुन्या बाजारातून आणलेल्या तागाच्या चादरी जानेवारीतच संपल्या, आणि आतल्या थरांना कापड पुरेना. ताई म्हणाल्या, बघते मी.

पुढच्या मंगळवारी गेले तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर डीटरचे शर्ट. एकतीस होते. ताई कात्रीने कॉलर आणि बटणं काढत होत्या.

मी दारातच थांबले. ताईंनी वर न बघता सांगितलं, “वडील गेले तेव्हा आईने त्यांची सगळी धोतरं गोधडीत घातली. मी नऊ वर्षांची. पुढे कित्येक हिवाळे मी वडिलांनाच पांघरून झोपले. इथे म्हणे मेलेल्याचे कपडे रस्त्यावरच्या पेटीत टाकतात. मला नाही जमायचं ते.” मग जराशाने म्हणाल्या, “ह्यांना त्या किल्ल्यावर जायचं होतं गं. आता आठ जणांच्या अंगावर जातील.”

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. त्या शर्टांत निम्मं पॉलिएस्टर होतं हे मला हात लावल्याबरोबर कळलं होतं. डीटर असते तर त्यांनी स्वतःचेच शर्ट नामंजूर केले असते, हेही मला कळत होतं. पण त्या बाईच्या चेहऱ्यावर चार महिन्यांत पहिल्यांदा काही उजळलं होतं, आणि ते विझवायचं कोणी? मी एवढंच विचारलं की ताई, चालेल ना हे? त्या म्हणाल्या, आतलं कोण बघतंय. मी सुई उचलली आणि त्यांच्यासमोर बसले. प्रत्येक अंगरख्यात तीन-चार शर्ट गेले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी दुपारी संग्रहालयाच्या आल्बर्सबाई आल्या. साठीच्या, मऊ आवाजाच्या, गळ्यात दोरीला चष्मा. आठ अंगरखे अंगावर घालून दाखवायचे होते. सुमित कामासाठी स्पेनला गेलेला, म्हणून त्याचा अंगरखा मी चढवला. आम्ही आठ जण ओळीत उभे. अंगरखा जड होता आणि छान ऊब देत होता. आल्बर्सबाईंनी प्रत्येकाच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, इतकी चांगली शिवण मी दहा वर्षांत पाहिली नाही. ताई कोपऱ्यात हात पुसत उभ्या होत्या, हात कोरडेच होते.

मग बाईंनी बॅगेतून छोटी कात्री काढली. एका अंगरख्याची खालची कड दोन बोटं उसवून आतला थर बघावा लागतो, सगळीकडेच बघतात. योर्ग आपणहून पुढे झाला. त्याला खात्रीच होती.

बाईंनी सहा टाके कापले. चिमट्याने एक थर बाजूला केला, ताग. दुसरा, ताग. तिसरा निळ्या पट्ट्यांचा. त्याच्या कडेला एक पांढरी चिठ्ठी होती, चाळीस अंशांवर धुवा, इस्त्रीची गरज नाही.

कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. कारखान्यात डीटरच्या शेजारच्या यंत्रावर वीस वर्षं काढलेला एक सभासद वाकून बघायला आला आणि हळूच म्हणाला, हा डीटरचा शर्ट आहे, शुक्रवारी घालायचा तो. मग त्याने ताईंना विचारलं, सगळ्यांत आहेत का?

“हो,” ताई म्हणाल्या. “आठही अंगरख्यांत.”

मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांच्या आवाजात अपराध नव्हता. पुरावा, नियम, चिठ्ठी, त्यांच्या डोक्यात काहीच नव्हतं. त्यांना वाटलं होतं की आता या माणसांना कळलंच आहे, तर ती खूश होतील. ज्याच्याबरोबर आयुष्य काढलं तो आपल्या अंगावर आहे म्हटल्यावर माणूस खूश नाही होणार?

योर्गचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने बंद सोडले, अंगरखा काढला, नीट घडी घालून टेबलावर ठेवला. मग शेजारच्याने काढला. मग तिसऱ्याने. कोणी फेकला नाही, कोणी तोंड वाकडं केलं नाही, एकाने तर घडीवरून हातही फिरवला. पण अंगावर कोणालाच नको होता. बघता बघता टेबलावर सात अंगरख्यांची चळत झाली आणि सात पुरुष बनियनवर थंडीत उभे राहिले. खोलीत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी माझे बंद सोडले आणि आठवा अंगरखा चळतीवर ठेवला.

किल्ला गेला. आल्बर्सबाईंनी ताईंचा हात दोन्ही हातांत धरून वाईट वाटतं म्हणून सांगितलं, पण कागदावर जे लिहायचं ते लिहिलंच. मार्चच्या सभेत टाउनुसच्या मंडळात जायचा ठराव आला. अध्यक्ष ताईच होत्या, त्यामुळे वर झालेले हात त्यांनीच मोजले आणि त्यांनीच वहीत लिहिले. योर्गने त्यांना चामड्यावर सुबक अक्षरात लिहिलेलं मानाचं सभासदत्व दिलं, खाली लाल मेणाची मोहोर. त्यांनी ‘डांके’ म्हणून आभार मानले. शनिवारी टेम्पो आला आणि तंबू, पेट्या, चिलखतं सगळं घेऊन गेला. अंगरखे मात्र कोणी मागितले नाहीत.

दोन गुरुवार मी गेलेच नाही. सर्दी झाली, सुमित परत आलाय, काय काय कारणं मीच मला सांगितली. तिसऱ्या गुरुवारी गेले. मार्च संपत आला होता तरी बर्फ पडत होतं. तळघराचा हीटर बंद होता. ताई वर स्वयंपाकघरात बसून अंगरखे उसवत होत्या. सात उसवून झाले होते. खुर्चीवर बिनकॉलरच्या शर्टांची रास होती, प्रत्येकावर टाक्यांची भोकं ओळीने दिसत होती. हातात होता तो सुमितच्या मापाचा, शेवटचा.

मी कात्री मागितली, त्यांनी दिली नाही. मग मी बसले आणि बोलत सुटले. योर्ग किती कोरडा, या लोकांना माणसाची किंमत नाही, एका चिठ्ठीपायी सगळं मोडलं, जन्मभर त्यांचं सूप केलंत आणि एवढंसं समजून घेता आलं नाही त्यांना. माझा आवाज चढला होता. राग खराच होता माझा.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मान वर केली.

“त्यांचं सोड. त्यांना कधी कोणी गोधडीत गुंडाळलंच नव्हतं, त्यांना काय कळणार? तू का काढलास, मुक्ता?”

मी राशीतला एक शर्ट ओढून त्याची घडी घालायला लागले. ताईंनी पुढचा टाका उसवायला घेतला.