'तिरझुक' म्हणत दिलेला होकार

आजची गोष्ट आजच लिहिते.

लहानपणी मी आणि माझी धाकटी बहीण पिंकी, आम्ही एक भाषा बनवली होती. तिच्यात 'तिर' म्हणजे जाणं. 'तिरमू' म्हणजे खुशीनं जाईन, 'तिरझुक' म्हणजे भीतीपोटी जाईन.

आज सिंदीला आमच्या घरी पिंकीला पाहायला पाहुणे आले होते. सगळ्यांसमोर बाबांनी विचारलं, "जाशील ना बाई या घरी?"

पिंकीनं मान हलवली. मग माझ्याकडे पाहून हसतच म्हणाली, "तिरझुक."

पोरगी लाजून काहीतरी पुटपुटली असं वाटून पाहुणेही हसले. बाबांनी फोडायला सुपारी उचलली. मी ती हिसकून घेतली.

"थांबा बाबा, तिले नाई जायचं!"

पाहुणे उठून गेले. बाबा माझ्याशी बोलत नाहीत.

तुमच्या घरची पोरगी 'नाही' कोणत्या भाषेत म्हणते? ती भाषा घरात कोणाला येते?