जमनाबाईची मशेरी

दांडीच्या जमना पागधरेने ठरवलेली गोष्ट अर्ध्यावर सोडली, असं गावात कुणाला आठवत नव्हतं. श्रावणात ती बोईसरच्या बाजारात सुके बोंबील विकायची, पण महिनाभर मासळी तोंडात घालायची नाही. भाऊ समुद्रात बुडून गेला त्या वर्षापासून तिने गोड खाल्लं नव्हतं. त्यामुळे गावातल्या शिबिरात दातांच्या डॉक्टरांनी तिच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा पाहून, "मावशी, मशेरी आजपासून बंद. हा चट्टा वाढला तर कॅन्सरकडे जातो," असं सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बंद तर बंद."

बारा वर्षांची असताना दाढ दुखली म्हणून आईनेच तिला तंबाखू तव्यावर भाजून, कुटून दिली होती. ती काळी पूड हिरडीवर घासायची सवय तेव्हापासूनची. आता ती बावन्न वर्षांची होती. सकाळी उठल्यावर मशेरी, त्याशिवाय पोट साफ होत नसे. बाजारात टोपली मांडली की मशेरी. जेवण झालं की मशेरी.

पहिल्या दिवशी तिने डबी खाडीत फेकली. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी पापलेटाचा भाव विचारणाऱ्या बाईवर ती एवढी ओरडली की बाई दुसरीकडे गेली. चौथ्या दिवशी बाजारात शेजारच्या सोमीने डबी उघडली. जमनाबाई गिऱ्हाइकाशी बोलत होती. बोलता बोलता तोंडाला चव आली, तेव्हा तिला कळलं की आपलं बोट सोमीच्या डबीत जाऊन हिरडीपर्यंत आलंसुद्धा.

"अगं, तू तर सोडली व्हतीस ना?" सोमी हसली.

जमनाबाईने उठून खळखळून तोंड धुतलं.

घरी नवरा, पुंडलिक, म्हणाला, "मन कच्चं हाय तुजं. मी बिडी आठ दिवसांत सोडली का नाय?"

हे त्याने पुढच्या दोन महिन्यांत किती वेळा ऐकवलं, ते मोजायचं तिने सोडून दिलं. तिने पुन्हा सोडली, पुन्हा धरली. पाच वेळा. प्रत्येक वेळी तिला स्वतःचीच अशी चीड यायची की एकदा तिने स्वतःच्या हातावर उलथन्याने फटका मारून घेतला.

शेवटी सून उन्नती तिला सरकारी दवाखान्यात समुपदेशनाला घेऊन गेली. तिथे दीपाली नावाची मुलगी होती. जमनाबाईने बसताक्षणी सांगितलं, "मन घट्ट करा, असं बोलणार असाल तर मी चालले."

"नाही बोलणार," दीपाली म्हणाली. तिने स्वतःच्या कपाळावर हात ठेवला. "मेंदूचा इथला, पुढचा भाग आपल्याला थांबवतो. आणि आत खोलवर दुसरा एक भाग आहे, त्याला हवंसं वाटतं. तंबाखूने त्या आतल्या भागाला चाळीस वर्षं शिकवलंय. सकाळ झाली, डबीचा वास आला, की तो लगेच मागतो. पुढच्या भागाचा विचार होईपर्यंत हात गेलेला असतो. तुम्ही उपाशी असाल, झोप झाली नसेल, चिडलेल्या असाल, तर पुढचा भाग आणखी कमी पडतो."

"म्हंजे माजं डोकं बिगडलं?"

"बिघडलं नाही, शिकलंय. ते हळूहळू दुसरं काही शिकू शकतं."

"किती दिवसांत?"

"ते नक्की नाही सांगता येत."

जमनाबाई उसळली. "मग तुमी इथं कशाला बसल्या? श्रावण आमी पाळतो, त्याचा दिवस ठरलेला असतो. ह्याला दिवसच नाय?"

दीपालीने टेबलाचा खण उघडला. मग तिने तलफ आली की चघळायला निकोटीनचं च्युइंगम दिलं, सकाळी उठल्याबरोबर आधी भाकरीचा तुकडा खायला सांगितला, पोटासाठी औषध लिहून दिलं, आणि म्हणाली, "बाजारातली जागा बदला."

हे सगळ्यात अवघड होतं. त्या रांगेतल्या बायकांबरोबर ती तीस वर्षं बसली होती. ती टोपली उचलून भाजीवाल्यांच्या बाजूला गेली, तेव्हा सोमी मोठ्याने म्हणाली, "आता आमचा वास येतो बाईसाहेबांना." जमनाबाईने समजवायचा प्रयत्न केला. डोक्याचं, शिकण्याचं सांगितलं. बायका हसल्या. नवीन जागी पहिला आठवडा निम्मी मासळी परत न्यावी लागली.

एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी पुंडलिकशी जोरात भांडण झालं आणि तिने दुकानातून पुडी आणली. दुसऱ्या सकाळी ती स्वतःच दीपालीकडे गेली. दीपालीने रागावून बघितलं नाही. "भांडणाच्या आधी जेवल्या होतात?" तिने विचारलं. जमनाबाई जेवली नव्हती.

पाच महिन्यांनी तिची मशेरी सुटल्यात जमा होती. मधे आणखी एकदा घसरण झाली. चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासला, त्यात कॅन्सर निघाला नाही, पण दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं होतं. दातांचे डॉक्टर खूश झाले. "बघा मावशी, मनावर घेतलं की जमतं."

"मनावर पयल्याच दिवशी घेतलं व्हतं, डॉक्टर," ती चिडून म्हणाली.

दवाखान्याच्या फाटकापाशी एक बाई मशेरी लावत उभी होती. जमनाबाईच्या तोंडाला पाणी सुटलं. त्या सुटलेल्या पाण्याचा तिला भयंकर राग आला. तिने पिशवीतून भाकरी काढली आणि तिथेच उभ्याउभ्या खायला लागली.