मोराची नवी मान

भिंतीशी आले की चुन्याचं काम करणारे आमचे काका आधी बोटाच्या सांध्याने टकटक करायचे, कान लावायचे आणि मगच माणसांशी बोलायचे. "पहिले आयकून घे वं," हे त्यांचं ठरलेलं. शहराबाहेर बेसाला आमच्या नव्या फ्लॅटवर आले तेव्हा त्यांनी हॉलची भिंतही वाजवली. म्हणाले, "हे तं बोलतच नाही." आईला ते लागलं.

तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. महाल भागातल्या जुन्या रंगशाळेच्या दारात, चुन्याने चिरलेली बोटं, शेजारी बेलफळं भिजवलेली बादली. भोसल्यांच्या काळात गाण्याच्या बैठकींसाठी बांधलेली ती रंगशाळा. काळ्या दगडाचं जोतं, सागाचे निमुळते सुरूदार खांब, कमानींवर चुन्यात घडवलेले मोर. जिच्या मालकीची ती होती, त्या संस्थेला तिथे पार्किंग हवं होतं. दर्शनी भिंत मूळची आहे का, हे पाहायला समिती येणार होती. मूळची ठरली तर वास्तू राहणार, नाहीतर फोटो काढून पाडणार.

ती वाचवायला आम्ही काय केलं? पत्रकं छापली आणि खळ लावून थेट कमानींवर डकवली. शिडीवर मीच होते. आठवड्याने नवं, जास्त तिखट पत्रक लावायला जुनं ओढलं, तर मोराची मान कागदासोबत हातात आली.

मला वाटलं, काका शिव्या देतील. त्यांनी उघडी जागा वाजवली, माझ्या हातातला कागद वाचला. 'वारसा उद्ध्वस्त करणाऱ्यांनो, लाज बाळगा.'

"हे कोणाले लिहिलं वं पोरी?"

बस, एवढंच.

उरलेली पत्रकं त्यांनी ओल्या फडक्याने भिजवून भिजवून उतरवली. चुना, गूळ, बेलफळाचा गर घेऊन मान घडवली, पण तिच्यावर पिसं कोरली नाहीत. समिती येण्याच्या आदल्या दिवशी मी हातापाया पडले. कोरा ना, जुन्यासारखी दिसू द्या, एका मानेपायी सगळं जाईल.

"काहून? माह्या हातचं हाये तं माह्याच हातचं दिसू दे."

मी त्यांना हटवादी म्हटलं. खरं तर त्याहून वाईट म्हटलं.

समितीतल्या बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"माही हाये ते," काका म्हणाले. "महिन्यामागची. बाकीच्याले म्या हात नाही लावला. वाजवून पाहा, बाई."

बाईंनी वाजवलं. मानेचा आवाज एक, छातीचा दुसरा. मग कान लावत त्या शेवटच्या कमानीपर्यंत गेल्या. अहवालात आलं: भिंत मूळची, एक मान सोडून.

काका गेल्या उन्हाळ्यात वारले. इतर वास्तूंसाठी पत्रकं मी अजून छापते, फक्त आता बांबूला सुतळीने टांगते. परवा एक शिल्पकार ती पिसं फुकट कोरून द्यायला आला होता. त्याला मी परत पाठवलं.

सकाळचं तिरपं ऊन आलं की मोरांच्या पिसापिसांत सावल्या भरतात. त्या एका मानेवरून मात्र ऊन सरळ घसरत खाली येतं.