प्लेटवरची ठिपक्यांची वाट

भिंगताईंना अख्खं रुग्णालय टरकून असे. तळमजल्यावरच्या तपासणी खोलीत त्या सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या. लोकांच्या शौचाचे नमुने तपासायचे आणि त्यात जंत आहेत की नाहीत ते लिहायचं, हे त्यांचं काम. कुणी नाक मुरडलं तर त्या असं झापायच्या, की पुन्हा तसं करायची त्याची बिशाद नसे. एवढ्या वर्षांत आपला एकही अहवाल चुकला नाही, हे त्या स्वतःच सांगत, आणि कुणी विचारलेलं नसताना सांगत.

त्या आठवड्यात लिफ्टवाले काकाच आजारी पडले. महिनाभर त्यांना धाप लागत होती, मग चौथ्या मजल्यावर खाटेवर जावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी स्टिरॉइडचा मोठा डोस द्यायचं ठरवलं. पण काका तरुणपणी रोपवाटिकेत अनवाणी काम करायचे, हे त्यांनी विचारून घेतलं होतं. ओल्या मातीतून तळपायात शिरणारा एक दोऱ्यासारखा जंत असतो. तो आतड्यात घर करतो आणि त्याच शरीरात पिढ्यामागून पिढ्या काढत चाळीस वर्षंही राहतो. म्हणून आधी तपासणी.

ताईंनी तीन दिवस तीन स्लाइड पाहिल्या. काही नाही. तरी डॉक्टरीणबाईंनी प्लेटची तपासणी मागितली आणि ताईंचा पारा चढला.

"मी तीनदा पाहिलंय म्हटलं ना! आता प्लेट कशाला? माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही वाटतं!"

तरी त्यांनी ती लावली. जेलीचा थर दिलेल्या बशीत मधोमध नमुन्याचा एक गोळा ठेवायचा आणि दोन दिवस उबेत राहू द्यायचा. दोन दिवसांनी, दुपारी, त्यांनी प्लेट उजेडात धरली. जेलीवर जिवाणूंचे पांढुरके ठिपके उठले होते. प्लेट खराब झाली की असेच ठिपके येतात. आधीच डोकं तापलेलं, त्यामुळे भिंगाखाली धरायचे कष्टही त्यांनी घेतले नाहीत. 'प्लेट दूषित, नमुना पुन्हा पाठवा' असं लिहून मोकळ्या झाल्या. प्लेट लाल पिशवीत गेली. ती पिशवी रोज चार वाजता निर्जंतुक करायला वाफेच्या यंत्रात जाई.

वरून फोन आला. तीन स्लाइड स्वच्छ आहेत, धाप वाढतेय, आता थांबता येणार नाही. चार वाजता डोस सुरू करतो.

"करा की," ताई म्हणाल्या आणि हात धुवायला बाहेर गेल्या.

बाहेर सफाईवाली नुसती उखडली होती. नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून कुणीतरी चिखलाचे बूट घालून गेलं होतं.

"बघा ना ताई! या दारातून शिरला, वळसा घातला आणि तिकडून गेला. एक पाऊल चुकवलं नाही मेल्यानं!"

ताईंनी त्या वळत गेलेल्या पावलांकडे पाहिलं आणि त्यांना मघाची प्लेट आठवली. हवेतून पडलेले जिवाणू कुठंही पडतात, ते रांगेत चालत नाहीत. प्लेटवरचे ठिपके रांगेत होते. मधल्या गोळ्यातून निघून, वळसा घेऊन, कडेपर्यंत गेलेले. जंताची अळी सरपटते तेव्हा अंगाला चिकटलेले जिवाणू मागे सांडत जाते, आणि जिथं सांडतात तिथं ठिपका उगवतो. हे त्यांनी स्वतः कितीतरी जणांना शिकवलं होतं.

पुढं काय होणार तेही त्यांना पाठ होतं. जंताची चाहूल लागली की आतड्यातली एक पेशी रसायन सोडून शेजारणीला निरोप देते, ती पुढच्या पेशीला देते, आणि रक्तातल्या राखणदार पेशी धावून येतात. जंतही काही भोळे नसतात. तेही आपली रसायनं सोडून राखणदारांना थंड करत राहतात. असं निरोपानिरोपीवर चाळीस वर्षं निभलेलं असतं, जंत मूठभरच राहिलेले असतात. स्टिरॉइड शरीराच्या बाजूचे निरोपच बंद पाडतं. मग जंत बेसुमार वाढतात, फुप्फुसात, रक्तात, जिथं तिथं घुसतात, आणि माणूस हातचा जातो.

चारला वीस मिनिटं होती. त्या यंत्राच्या खोलीत पोचल्या तेव्हा यंत्रवाला पिशवी आत ठेवून झाकण लावत होता.

"थांब! काढ ती बाहेर!"

"ताई, अहो, घाण आहे ती..."

"माझीच आहे. काढ."

हातमोजे चढवून त्यांनी पिशवी उपसली. सतरावी प्लेट काकांची निघाली. तपासणी खोलीत नेऊन ती भिंगाखाली धरली. ठिपक्यांची वाट संपते तिथं एक बारीकशी अळी वळवळत होती.

चौथ्या मजल्याचा फोन लागेना. लिफ्ट वर अडकलेली, आणि काकांच्या जागी बसवलेला बदली माणूस चहाला गेलेला. ताईंचे गुडघे दोन वर्षं कुरकुरत होते, पण त्या जिन्यानं निघाल्या. दुसऱ्या मजल्यावर कठडा धरला, तिसऱ्यावर भिंत धरली. वॉर्डात पोचल्या तेव्हा नर्स काकांच्या हाताशी सुई घेऊन उभी होती.

"थांबा! माझा अहवाल चुकीचा आहे." अख्ख्या वॉर्डानं ऐकलं. "जंत आहेत. प्लेट मी नीट पाहिली नाही. चूक माझी."

डॉक्टरीणबाईंनी एकदा ताईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि सुई बाजूला ठेवायला सांगितली. आधी जंतांचं औषध सुरू झालं. त्या दिवशी ताईंनी नोंदवहीत स्वतःच्या सहीवर लाल शाईनं रेघ मारली आणि शेजारी 'चूक' असं लिहिलं. त्यांना फार लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

दीड महिन्यानं काका लिफ्टमध्ये आपल्या स्टुलावर परत बसले. ताई आत शिरल्या.

"सगळे म्हणतात, ताईंनी वाचवलं," काका म्हणाले.

"खोटं आहे ते. आधी मारायला मीच निघाले होते." आणि त्यांनी सगळं सांगितलं. राग, पिशवी, सगळं. "कसं आहे काका, मजल्यावरून बेल वाजते म्हणून तुम्ही जाता. त्या औषधानं तुमच्या आतल्या सगळ्या बेला बंद झाल्या असत्या. आणि वायर कापायला मीच हो म्हटलं होतं."

चौथा मजला आला, काकांनी दार उघडलं.

"त्या दिवशी जिन्यात कुणीतरी जोरजोरात धापा टाकत होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, माझीच धाप आहे, आता संपलं. तुमची होती होय?"

ताईंनी मान हलवली.

"मग आता जिना नको," काका म्हणाले. "बेल मारत जा. मी येतो."