एकोणीस इंच टेप

सप्टेंबरअखेरीस आमची डिटॅचमेंट बर्फातल्या पोस्टवर चढली. मी नाईक शिंदे, सिग्नल्सचा ऑपरेटर. लान्स नाईक सुदाम गायकवाड लाइनमन. मी चाकणजवळच्या खेड्यातला, तो पिंपरीचा, वडील कंपनीत. अख्ख्या पोस्टवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. गावाकडे कदाचित आमची ओळखही झाली नसती. तिथे मात्र एका मगमधून चहा प्यायचो.

पोस्टवर रिळांचा एक टेपरेकॉर्डर होता. सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, गाणी ऐकायला असेल. तसलं काही नव्हतं. वायरलेस सेटवरचं बोलणं त्यावर भरलं जायचं, शिस्त कोण मोडतो ते पकडायला. वजन सोळा किलो. पाठीवर वाहिलंय, म्हणून कागद न बघता सांगतो. सात इंची रीळ, बाराशे फूट टेप, रुंदी पाव इंच. वेग दोन: सेकंदाला साडेसात इंच किंवा पावणेचार. जलद वेगावर आवाज स्वच्छ, पण रीळ बत्तीस मिनिटांत संपतं. संथ वेगावर चौसष्ट मिनिटं चालतं. आम्ही संथच चालवायचो. बोटं गारठलेली असताना दर अर्ध्या तासाला रीळ कोण बदलणार? हाफ ट्रॅक मशीन. म्हणजे टेपच्या अर्ध्या रुंदीवर एक बाजू भरते, आणि रीळ उलटं लावलं की उरलेल्या अर्ध्यावर दुसरी. एकीचा दुसरीला धक्का लागत नाही.

पद्धत अशी होती: मी लॉगबुकात नोंद करायची, साहेबांनी सही करायची, मग टेप पुसून पुन्हा वापरायची. सेटवर मराठी बोलायला मनाई होती. आम्ही बोलायचो. कॅप्टन साहेब उत्तरेकडचे, त्यांना ओ की ठो कळायचं नाही. ते टेप ऐकायचे आणि मला विचारायचे, "क्या बोला?" मी हिंदीत सांगायचो. आमच्या बोलण्याचा दुभाषीही मीच, यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही.

डिसेंबरात एका दुपारी तेरा चाळीसला पुढच्या चौकीची टेलिफोन लाइन तुटली. पाळी सुदामची होती. तो एक जवान सोबत घेऊन निघाला. जवान अलीकडच्या खांबाशी थांबला, सुदाम सेट घेऊन उतारावर गेला. चौदा वीसला त्याचा आवाज आला.

"ढग खाली आलेत. वर बर्फ कुरकुरतोय, राव. परत येऊ का? ओव्हर."

"किती राहिलंय? ओव्हर."

"वायरीचे दोन जॉइंट. ओव्हर."

कॅप्टन साहेब शेजारच्या बंकरमध्ये होते. दहा पावलं. त्यांना विचारणं माझं काम होतं. पण काम अर्धवट राहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर दुसऱ्या लाइनमनबरोबर जायची पाळी माझी होती.

मी म्हणालो, "करूनच ये रे. उद्या परत कोण तडफडणार? ओव्हर."

"बरं. आउट."

चौदा एकतीसला बर्फाचा कडा सुटला. खांबाशी थांबलेला जवान वाचला. सुदाम चौथ्या दिवशी सापडला. हातात पक्कड होती.

साहेबांनी टेप लावली. "क्या बोला गायकवाड?"

"साब, बोला दो जॉइंट बाकी हैं, करके ही आऊँगा."

"और तुमने?"

"मैंने वापस बुलाया, साब."

तीच नोंद लॉगमध्ये गेली, तेच घरच्या पत्रात गेलं: बोलावूनही मागे फिरले नाहीत. टेप पुसायचं काम माझं. मला पुसवली नाही. तिच्या जागी कोरं रीळ ठेवलं आणि ती ट्रंकेच्या तळाशी टाकली. मला भीती वाटत होती आणि लाजही वाटत होती. दोन्ही घेऊन मी नोकरी पुरी केली, हवालदार झालो, पुढे चाकणला मेंटेनन्समध्ये लागलो.

गेल्या वर्षी देहूरोडला पेन्शनच्या कामासाठी रांगेत उभा होतो. समोर कुसुम वहिनी, सुदामची बायको. जयभीम झाला. बोलता बोलता म्हणाल्या, "फोटो हाय भावजी, पण आवाज पार विसरले बघा."

कुदळवाडीच्या भंगारात तसंच मशीन मिळालं. रबरी रोलर दगड झाला होता. चाकणला एका ओळखीच्याने लेथवर नवा करून दिला. घरी टेप लावली. सुदामचा आवाज आला, पाठोपाठ माझा.

माझं ते वाक्य पाच सेकंदांचं. पावणेचार इंचांच्या हिशेबाने एकोणीस इंच टेप. ब्लेडने तेवढी कापून टोकं चिकटवली, की कुणाच्या बापाला पत्ता लागत नाही. ब्लेड काढलंही होतं. वहिनींना आवाजच हवाय, तो मिळेल, असं दोन दिवस स्वतःला समजावत होतो. मग ब्लेड डबीत ठेवून दिलं.

कासारवाडीला त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. या वयात सोळा किलो वर नेताना चार वेळा थांबलो. वहिनी एकट्याच होत्या. मी काही न सांगता टेप लावली.

"बरं. आउट" संपल्यावर त्यांनी रिळाकडे बोट दाखवलं.

"परत लावा."

परत लावली.

"हे परत येऊ का म्हणाले होते?"

"हो."

"आन् तुम्ही नको म्हणालात."

"हो, वहिनी."

"पत्रात तर उलटंच होतं." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "इतकी वर्षं मी ह्यांनाच बोल लावला, भावजी. फोटोला हार घालताना पण मनात राग. घरात दोन महिन्यांची पोर, आन् ह्यांना मोठेपणा सुचला. पोरगीला पण तेच सांगत आले, तुझ्या बापाला आपलं काही पडलं नव्हतं म्हणून."

मी हात जोडले. त्यांनी बघितलंही नाही.

"मला काय हात जोडताय? पोरगीला कळलं पाहिजे. ह्याच्यावर जागा हाय का बोलायला?"

"दुसरी बाजू कोरी आहे."

"मग बोला."

"ह्यांचा आवाज जाणार नाही ना?" हे मात्र त्यांनी दोनदा विचारलं. मी हाफ ट्रॅक समजावून सांगितला. मग टेप शेवटपर्यंत पळवली, रीळ उलटं लावलं, माइक जोडला.

"नाईक शिंदे बोलतोय. लान्स नाईक सुदाम गायकवाड, लाइनमन. वेळ चौदा वीस. त्याने परत यायला विचारलं होतं. उद्याची पाळी माझी होती, म्हणून मी त्याला येऊ दिलं नाही. साहेबांना मी खोटं सांगितलं. गायकवाडची काही चूक नव्हती. ओव्हर."

ओव्हर सवयीने तोंडातून गेलं. ओव्हर म्हणजे माझं झालं, आता तू बोल. मी बटणाकडे हात नेला, तर वहिनींनी माझं मनगट धरलं. रीळ चौसष्ट मिनिटांचं होतं. ते संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.